पटावरचा अबोला

अबोला हा आपल्या एकत्र कुटुंबांतला फार जुना बिर्‍हाडकरू आहे. तो केव्हां राहावयास आला हें पुष्कळदां कोणाला नीट सांगतां येत नाहीं. परंतु एकदां आला म्हणजे त्याची सारी बडदास्त घरांतल्या इतर माणसांना ठेवावी लागते. "त्यांना सांग, पाणी तापलें आहे," असें समोर बसलेल्या माणसाला मुलाकरवीं कळवावें लागतें. पंक्तींत कोणाचें पान कोणाशेजारीं मांडूं नये हें नव्या सुनेला आधींच शिकवून ठेवावें लागतें. आणि लग्नामुंजीच्या याद्या करतांना तर शहाण्या बायकांची सगळी मुत्सद्देगिरी पणाला लागते. ज्यांच्या घरीं हा पाहुणा कधींच उतरला नसेल अशा वाचकांना मी भाग्यवान् म्हणेन; पण असे वाचक फार असतील असें मला वाटत नाहीं.

आमच्या घरीं तो अकरा वर्षें होता. वाईस आमचा जुना वाडा आहे. माझे वडील, ज्यांना आम्ही सारींच अण्णा म्हणतों, आणि त्यांचे धाकटे भाऊ बापूकाका यांची वाटणी २००१ सालीं झाली. ओसरीच्या मधोमध भिंत आली, विहिरीचे वार ठरले, आणि माजघरापलीकडील आजोबांची बैठकीची खोली अण्णांच्या वांट्याला जास्तीची गेली. त्या एका खोलीवरून जें बोलणें झालें तेंच दोघांचें अखेरचें बोलणें. बरोबर कोणाचें होतें याचा निवाडा मी येथें करीत नाहीं. मी एकाची मुलगी आहें आणि दुसर्‍याच्या खांद्यावर बसून कृष्णेच्या घाटावर हिंडलेली आहें.

आई आणि काकू यांनीं मात्र हा अबोला कधींच मानला नाहीं. मागील परसांत भिंत नव्हती. तेथून ताकाचा गडवा इकडून तिकडे जाई, मेथीची जुडी तिकडून इकडे येई, आणि पलीकडचा खोकला, गुडघा, रक्तदाब यांची बित्तंबातमी दोघीही आपापल्या नवर्‍यांना, त्यांनीं न विचारतां, रात्रीच्या जेवणाबरोबर वाढीत असत. नवरे ऐकलें न ऐकलें असें करीत. पण बातमी सांगावयाची राहिली तर त्या दिवशीं आमटी अळणी झाली असें म्हणत.

वाटणींतली आणखी एक गोष्ट सांगितल्यावांचून पुढें जातां येत नाहीं. आजोबांच्या बुद्धिबळांचीही वाटणी झाली! आजीनें तांबड्या आणि पांढर्‍या कापडाचे चौसष्ट तुकडे जोडून शिवलेला पट अण्णांकडे राहिला, आणि लांकडी मोहरीं खणाच्या पिशवींत भरून काकांकडे गेलीं. मध्यस्थी करण्यास आलेल्या चार वडीलधार्‍या माणसांपैकीं एकानेंही हंसून हा प्रकार थांबविला नाहीं, याचें मला अजूनही नवल वाटतें. पट तसाच घडी घालून फडताळांत पडला. पुढें दोघांनींही बाजारांतून प्लॅस्टिकचा एकेक संच आणला आणि भिंतीच्या दोन बाजूंना दोघे एकेकटे, पुस्तकांतले डाव मांडून, खेळूं लागले.

आजोबा मूळचे देशी पद्धतीचे खेळाडू. त्या पद्धतींत प्यादें पहिल्या चालीलाही एकच घर पुढें जातें. विलायती खेळांतला किल्लेकोट तींत नाहीं. त्याऐवजीं राजाला, त्याच्यावर शह बसलेला नसेल तर, डावांत एकदां घोड्याप्रमाणें अडीच घरांची उडी घेतां येते. गांवोगांव नियमांत थोडा थोडा फरक असे. पण प्याद्यानें दिलेली मात ही सर्वांत मानाची, याबद्दल दुमत नव्हतें. या कलेंत आपल्याकडील मंडळी किती खोल गेली होती तें पाहावयाचें असेल तर १८१४ सालीं मुंबईंत छापलेलें त्रिवेंगडाचार्य शास्त्री यांचें पुस्तक पाहावें. त्यांतले संस्कृतांतून इंग्रजींत आणलेले डाव सोडवितांना भल्याभल्यांची झोंप उडते. पंजाबांतला मीर सुलतान खान याच देशी खेळावर वाढला, विलायती नियम त्यानें मागाहून उचलले, आणि १९२९, १९३२ व १९३३ अशा तीन वर्षीं त्यानें इंग्रजांच्या देशांत जाऊन इंग्रजांचेंच अजिंक्यपद जिंकलें. आजोबा ही हकीकत इतक्या अभिमानानें सांगत कीं तो जणूं आमच्याच आळींतला.

पुढें आजोबांनींही विलायती पद्धत शिकून घेतली आणि दोन्ही मुलांना शिकविली. मला शिकविली नाहीं. माझ्याकडे मोहरीं पुसून ठेवण्याचें काम होतें. मी पाहून पाहून शिकलें. परंतु त्या काळच्या मानानें आजोबांना दोष कशाला द्यावा? १९७६ सालीं मुंबईच्या रोहिणी खाडिलकर पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेंत उतरल्या तेव्हां केवढा गहजब झाला होता! प्रकरण हायकोर्टापर्यंत गेलें, आणि अखेर जागतिक महासंघाच्या अध्यक्षांना, स्त्रियांना अशा स्पर्धांतून वगळतां येणार नाहीं, असा निर्णय द्यावा लागला. २०२५ सालीं नागपूरच्या दिव्या देशमुखनें महिलांचा विश्वचषक जिंकला त्या दिवशीं मला आजोबांची फार आठवण झाली.

आजोबांनीं दोन्ही मुलांकडून एक गोष्ट मात्र पक्की घोटून घेतली होती. तिला ते 'उंबर्‍यावरचा हत्ती' म्हणत. डाव संपत आला आहे. शत्रूजवळ राजा, हत्ती आणि एक प्यादें उरलें आहे. आपल्याजवळ नुसता राजा आणि हत्ती. एका प्याद्यानें आपण कमी. तें प्यादें पलीकडे पोंचून वजीर झालें कीं संपलेंच. अशा वेळीं आपला राजा त्या प्याद्याच्या वाटेंत शेवटल्या ओळींत उभा करावयाचा, आणि हत्ती आपल्या बाजूनें तिसर्‍या ओळींत आडवा बसवावयाचा. हाच उंबरा. हत्ती तेथें आहे तोंवर शत्रूच्या राजाला आंत पाऊल टाकतां येत नाहीं. कंटाळून त्यानें प्यादें त्या ओळींत सरकविलें, कीं त्याच क्षणीं हत्तीनें पटाच्या दुसर्‍या टोंकाला जावयाचें आणि पाठीमागून शह देत राहावयाचें. कारण प्यादें पुढें गेल्यामुळें आतां राजाला लपावयास आडोसा राहत नाहीं. फ्रान्समधील फिलिदोर नांवाच्या गवय्यांच्या घराण्यांतील खेळाडूनें १७७७ सालीं ही युक्ति छापून प्रसिद्ध केली. आजोबांना फिलिदोर ठाऊक होता कीं नाहीं कोण जाणे. उंबरा ठाऊक होता.

२०१२ सालच्या मे महिन्यांत मी रजा घेऊन माहेरीं गेलें होतें. अण्णांनीं पुण्यांतील एका स्पर्धेंत नांव घातलें होतें. त्यांचे गुडघे दुखत म्हणून आईनें मला सोबत धाडलें. हौशी खेळाडूंची ती स्पर्धा. 'हौशी' या शब्दाला आपल्याकडे उगाच कमीपणाचा वास येतो. १९३५ सालीं अलेखाइनसारख्या बलाढ्य खेळाडूला नमवून जगज्जेता झालेला मॅक्स युवे हा ॲम्स्टरडॅमच्या मुलींच्या शाळेंत गणित शिकविणारा मास्तर होता. (रोहिणीबाईंच्या बाजूनें निर्णय देणारे अध्यक्ष ते हेच.) अण्णाही गणिताचेच मास्तर; तेवढ्या बळावर ते युवेला आपला जातभाई समजत. स्पर्धेच्या पहिल्याच फेरींत नऊ वर्षांच्या एका मुलानें त्यांना बाविसाव्या चालीला मात दिली आणि "आजोबा, तुम्ही चांगलें खेळलांत," असें म्हणून तो आईनें आणलेला डबा खावयास पळाला. अण्णांनीं तें मनावर घेतलें नाहीं. निदान तसें दाखविलें नाहीं.

त्याच दिवशीं दुपारीं मंगल कार्यालयाच्या त्या लांबलचक दालनांत पलीकडच्या रांगेंत मला बापूकाका दिसले. त्यांनींही नांव घातलें होतें. काकूंनीं आईला सांगितलें नव्हतें, किंवा सांगूनही आईनें मला सांगितलें नव्हतें. या दुसर्‍या शक्यतेविषयीं माझा अजून आईवर संशय आहे. दोघांनींही एकमेकांना पाहिलें आणि पाहिलें नाहीं.

या स्पर्धा ज्या पद्धतीनें खेळवितात तिला स्विस पद्धत म्हणतात. १८९५ सालीं झूरिक येथें ती प्रथम वापरली गेली. हरला तो बाहेर गेला असें हिच्यांत नसतें. प्रत्येक फेरींत ज्यांचे गुण सारखे झाले असतील त्यांची एकमेकांशीं गांठ घालतात, आणि तेच दोघे पुन्हां समोरासमोर येऊं देत नाहींत. त्यामुळें फेरीगणिक बलवान् बलवानांत आणि आमच्यासारखे आमच्यांत जमा होत जातात. जोड्या आतां यंत्र लावतें. चार फेर्‍यांनंतर अण्णांचे दोन गुण झाले होते, काकांचेही दोन. पांचव्या फेरीचा कागद भिंतीवर लागला तेव्हां सदतिसाव्या पटासमोर एकच आडनांव दोनदां छापलेलें होतें. माणसानें जोड्या लावल्या असत्या तर कोणी तरी दबकत विचारलें असतें, "हे कोण आपले?" यंत्राला आडनांव कळत नाहीं.

मला वाटलें, अण्णा आतां गुडघ्याचें निमित्त सांगून परत फिरतील. ते कागदापुढें पुष्कळ वेळ उभे राहिले. मग चष्मा पुसला आणि म्हणाले, "पांढरीं माझीं आहेत. चल."

सदतिसावा पट दाराजवळच होता. बरोबर आलेल्या माणसांसाठीं दोरीपलीकडे खुर्च्या मांडल्या होत्या; तेथून मला दोघेही दिसत होते. डाव सुरू करण्यापूर्वीं हस्तांदोलन करण्याचा रिवाज आहे. दोघांनीं तें केलें. आमच्या घरीं धाकट्यानें थोरल्याला वांकून नमस्कार करावयाचा असतो. काका वांकले असते तर त्याला अकरा वर्षांचा अर्थ चिकटला असता. न वांकते तर त्यालाही चिकटला असता. हा परकीय रिवाज मात्र अगदीं कोरा होता. हात पुढें आले, मागें गेले, घड्याळाची कळ दाबली गेली.

दोरीपलीकडे बसल्या बसल्या माझ्या ध्यानांत आलें कीं, आपल्या घरांना अबोला धरण्याचे नियम ठाऊक आहेत, तो सोडण्याचे नाहींत. पहिला शब्द कोणीं बोलावा, कोठें बोलावा, कशाविषयीं बोलावा, तो बोलल्यानें कोणाचा कमीपणा होतो, हें कांहींच ठरलेलें नसतें. म्हणून वर्षें जातात. बुद्धिबळांत सारें ठरलेलें आहे. प्रतिपक्ष्याला त्रास होईल असें बोलावयाचें नाहीं, हा नियमच आहे. तेव्हां गप्प बसणें हा तेथें राग नसतो, ती रीत असते. दोन भाऊ चार तास हातभर अंतरावर समोरासमोर बसले आहेत, बोलत नाहींत, आणि त्यांत कोणाला कांहीं वावगें दिसत नाहीं! अकरा वर्षांत प्रथमच त्यांचा अबोला कायदेशीर झाला होता.

बोलण्याची मुभा आहे ती दोन तीन प्रसंगींच. एखादें मोहरें घरांत नीट बसलें नसेल तर, आपली चाल असतांना, तसें सांगून तें सरळ करतां येतें. न सांगतां हात लावला तर तेंच चालवावें लागतें. यासाठीं जगभर एक फ्रेंच शब्द रूढ आहे : 'झादूब', म्हणजे नीट करतों. काकांना लहानपणापासून घोडा तिरका ठेवण्याची खोड होती आणि अण्णांना ती कधींच खपली नाहीं. बाराव्या चालीला काकांनीं घोडा आणून ठेवला, तोंड खिडकीकडे करून. अण्णांनीं पांच मिनिटें तें सहन केलें. मग ते हात पुढें करून हळूच म्हणाले, "झादूब," आणि त्यांनीं धाकट्या भावाचा घोडा सरळ केला. अकरा वर्षांनीं भावाला उद्देशून उच्चारलेला पहिला शब्द, आणि तो फ्रेंच! काकांच्या मिशा किंचित् हालल्या. मला तें हंसूं वाटलें. पण दुरून पाहणाराची खात्री काय?

डावाचें सारें वर्णन करून मी वाचकांना कंटाळा आणीत नाहीं. सुरुवात दोघांनींही आजोबांच्या आवडत्या इटालियन पद्धतीनें केली. दोघांचेही उंट लवकर बाहेर आले आणि लवकरच मारले गेले. तिसाव्या चालीच्या सुमारास काकांचें एक प्यादें गेलें. तेव्हांपासून अण्णांजवळ एक प्यादें जास्त. बेचाळिसाव्या चालीला अण्णांनीं घोड्यानें घोडा मारला, आणि पटावर हत्ती व प्यादीं एवढींच राहिलीं. मग एकेक प्यादें कमी होत होत साठाव्या चालीला काय उरलें? अण्णांचा राजा, हत्ती आणि मधलें एक प्यादें; काकांचा राजा आणि हत्ती.

काकांनीं राजा प्याद्याच्या वाटेंत नेऊन उभा केला. मग हत्ती उचलला आणि तिसर्‍या ओळींत आडवा ठेवला. उंबर्‍यावर.

अण्णांनीं मान वर करून प्रथमच भावाच्या तोंडाकडे पाहिलें.

आतां डाव जिंकणें नाहीं, हें दोघांनाही, मला सुद्धां, दिसत होतें. तरी अण्णा चाली करीतच राहिले. हत्ती डावीकडे, हत्ती उजवीकडे, राजा एक घर बाजूला, पुन्हां जागेवर. काका प्रत्येक वेळीं हत्ती त्याच ओळींत एखाददुसरें घर सरकवीत. शेजारचे पट रिकामे झाले. पंच येऊन उभा राहिला आणि घड्याळ पाहून निघून गेला. इतक्या चाली अण्णा कशाला करीत होते, हें मला त्या वेळीं उमगलें नाहीं, मागाहून उमगलें. बरोबरीचा प्रस्ताव कोणीं करावयाचा याविषयीं खेळाडूंत एक सभ्यतेचा संकेत आहे. ज्याची बाजू कमी आहे त्यानें तो करणें बरें दिसत नाहीं. तें मागणें होतें. ज्याच्याजवळ जास्त आहे त्यानें तो करावयाचा. आणि आमच्या घरची रीत नेमकी उलट : धाकट्यानें आधीं यावें, थोरल्यानें मग जवळ घ्यावें. एक प्यादें जास्त असलेला थोरला भाऊ या दोन रीतींच्या मध्यें सांपडला होता.

शहात्तराव्या चालीला अण्णांनीं हत्ती ठेवला, घड्याळाच्या कळीकडे गेलेला हात मध्येंच थांबविला, आणि ते म्हणाले, "बरोबरी?" मग कळ दाबली.

या प्रस्तावाचाही नियम आहे. एकदां केलेला प्रस्ताव करणाराला परत घेतां येत नाहीं. समोरच्यानें तो नाकारावयाचा तर बोलण्याचीही जरुरी नाहीं. चालीसाठीं मोहर्‍याला बोट लावलें कीं नकार झाला. काकांच्या घड्याळांत अकरा मिनिटें उरलीं होतीं. ते हत्तीकडे पाहात बसले. दहा झालीं, आठ झालीं. त्यांचा उजवा हात टेबलाच्या कडेवर होता आणि हत्ती तेथून वीतभर दूर होता. माझ्या शेजारीं एका मुलाची आई लोकर विणीत बसली होती. तिच्या सुयांचा आवाजही मला सहन होईना.

सहा मिनिटें राहिलीं असतां काका म्हणाले, "बरं, अण्णा."

लहानपणीं अण्णांनीं कांहीं काम सांगितलें म्हणजे ते असेंच म्हणत, असें आई सांगते.

डाव संपल्यावर दोघांनींही आपापल्या चाली लिहिलेल्या कागदांवर एकमेकांच्या सह्या घ्यावयाच्या असतात. यापूर्वीं या दोन सह्या एका कागदावर जवळजवळ पडल्या होत्या त्या वाटणीपत्रावर. येथें त्या एका अर्ध्या गुणासाठीं पडल्या. त्यानंतर बाहेर येऊन खेळलेला डाव पुन्हां मांडून चर्चा करण्याची खेळाडूंत चाल आहे. मी तीन चहा घेऊन आलें तों जिन्याखालच्या बांकावर दोघांचें कडाक्याचें भांडण जुंपलेलें होतें. "तेथें घोडा मारलास तेथेंच जिंकलेला डाव घालवलास!" असें काका म्हणत होते, आणि "मला शिकवूं नकोस," असें अण्णा म्हणत होते. त्या भांडणांत खोलीचा उल्लेख नव्हता, भिंतीचा नव्हता, आम्हां कोणाचाही नव्हता. चहा निवून गेला. स्पर्धेंत दोघांनाही बक्षीस मिळालें नाहीं हें सांगावयास नकोच. काका पुण्यास मुलीकडे राहिले. आम्ही दोघें संध्याकाळच्या एस.टी.नें वाईस परतलों. गाडींत अण्णा एक अक्षर बोलले नाहींत. मांडीवर कागद ठेवून बेचाळिसावी चाल पाहात होते.

चार दिवसांनीं सकाळीं काकांचा नातू परसांतून आला. त्याच्या हातांत एक चिठ्ठी होती : "अण्णा, ४२ व्या चालीला हत्तीला हत्ती मारून घोडे ठेवावयास हवे होते. एका जास्त प्याद्यानें घोड्यांचा डाव निघतो, हत्तींचा निघत नाहीं. मांडून पाहा." अण्णांनीं ती दोनदां वाचली. मग फडताळ उघडून आजीचा पट काढला, झटकला, आणि मुलाला म्हणाले, "आजोबांना म्हणावें, याच्यावर प्लॅस्टिक शोभत नाहीं."

घटकाभरानें खणाची पिशवी आली. मोजलीं तों मोहरीं एकतीस भरलीं. एक काळा उंट कोठें गहाळ झाला होता. त्याच्या बदलीं काकूंनीं एक चिकणी सुपारी घातली होती. अण्णांनीं मोहरीं मांडलीं आणि बेचाळिसाव्या चालीपर्यंतचा डाव आणून ठेवला. दुपारीं काका स्वतः आले, पुढल्या दारानें नव्हे, परसांतून, आणि पायरीवर चप्पल काढतां काढतांच म्हणाले, "घोडा माझा तेथें नव्हता, एक घर अलीकडे होता." त्यांनीं तो उचलून ठेवला, तिरकाच. आईनें मला पुन्हां चहा ठेवावयास सांगितलें. पण माझी रजा संपली होती आणि मुंबईची गाडी तीनची होती, म्हणून घोड्यांचा डाव खरोखरच निघाला कीं नाहीं तें पाहावयास मी थांबलें नाहीं.